करोनानंतर पित्ताशयाला सूज आली, पण खडे नाहीत. तरी शस्त्रक्रिया करावी का?

आपण लिहिले आहे की, आपल्या एकसष्ट वर्षांच्या वडिलांना करोनाचा तीव्र आजार झाला, अतिदक्षता विभागातून ते सुखरूप घरी आले, त्याला दोन महिने झाले आणि आता उजव्या बरगडीखाली दुखते म्हणून केलेल्या सोनोग्राफीत खडे नाहीत, पण पित्ताशयाची भिंत जाड झाली आहे असे आले. हे करोनामुळे होते का आणि पित्ताशय काढावेच लागेल का, असे आपण विचारता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते: होते. दुसऱ्यावरून माझे आणि थोरल्या दिरांचे बोलणे २०२१ पासून केवळ कामापुरते उरले आहे, त्यामुळे ते सविस्तर लिहिते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझे यजमान आजारी पडले. वय ५४, मधुमेह दहा वर्षांचा. एकूण २३ दिवस रुग्णालयात, त्यांतले ११ अतिदक्षता विभागात आणि ६ व्हेंटिलेटरवर. मेच्या मध्यावर ते घरी आले तेव्हा वजन अकरा किलोंनी उतरले होते, आणि फुप्फुसांसाठी सुरू केलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या हळूहळू कमी करत आणायच्या होत्या. त्या दिवसांत मी दोनशे पानी वही घातली. उभ्या रेघा मारून ऑक्सिजन, नाडी, ताप, उपाशीपोटीची साखर आणि शेवटी ‘इतर’ असे रकाने केले आणि दिवसातून चार वेळा ते भरत राहिले. ही वही नसती तर पुढचे सगळे भांडण आठवणींवरच झाले असते, आणि आमच्याकडे प्रत्येकाची आठवण त्याच्या बाजूने साक्ष देते.

घरी आल्याच्या चाळिसाव्या दिवशी, २४ जूनला, ‘इतर’च्या रकान्यात पहिली नोंद आहे: ‘पोट गच्च, जेवण नको.’ दुसऱ्या दिवशी दुखणे उजव्या बरगडीखाली येऊन बसले आणि तिथून मागे खांद्याच्या फऱ्यापर्यंत जाऊ लागले. दोन उलट्या झाल्या. अंथरुणावरून उठताना ते डावा हात टेकवत आणि उजवा तळवा बरगडीखाली असा धरत की, तो काढला तर आतून काहीतरी सांडेल. दिरांनी फोनवर निदान केले: ‘स्टिरॉइड चालू आहे, पित्त होणारच. गोळी द्या, दोन दिवसांत उतरेल.’ दिरांनी तीस वर्षे औषध कंपनीत फिरतीची नोकरी केली आहे, त्यामुळे औषधांच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द शेवटचा असे. पित्तशामक गोळी सुरू राहिली.

येथे मला आपल्या भाषेवरच राग काढावासा वाटतो. जठरात आम्ल वाढून छातीत जळजळले तरी आपण ‘पित्त झाले’ म्हणतो, अंगावर गांधी उठल्या तरी ‘पित्त उठले’ म्हणतो, अर्धशिशीने डोके धरून उलटी झाली तरी ‘पित्त पडले’ म्हणतो, आणि यकृतात तयार होणाऱ्या हिरव्यापिवळ्या रसाचे नावही पित्तच. या चौघांपैकी पित्ताशयाशी संबंध फक्त शेवटच्याचा. जठरातले आम्ल कमी करणाऱ्या गोळीने पित्ताशयाची सूज तसूभरही उतरत नाही, पण ‘पित्तावरची गोळी’ दिली म्हटले की घरातल्या प्रत्येकाला वाटते की उपचार सुरू झाले. मराठी घरात पित्ताशय सडू लागले तरी पहिले तीन दिवस आम्लाचीच गोळी पोटात जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

२६ तारखेला दुपारी चारला हुडहुडी भरली. ताप मात्र ९९.६, म्हणजे नसल्यासारखाच. स्टिरॉइड घेणाऱ्या माणसाचा ताप आणि दुखणे दोन्ही दबलेली राहतात, हे तेव्हा आमच्या ध्यानीमनी नव्हते. २७ तारखेची नोंद अशी आहे: ‘दुखणे कमी. दोन घास खाल्ले.’ त्या संध्याकाळी घर हलके झाले, आणि दिरांनी फोनवर ‘मी सांगितले नव्हते का’ हेही ऐकवले. पुढे शल्यचिकित्सकांनी समजावले की पित्ताशयाच्या भिंतीचा एखादा भाग मरतो तेव्हा त्याची संवेदनाही जाते आणि दुखणे ओसरल्यासारखे वाटते. वहीत त्याच ओळीवर नाडीच्या रकान्यात ११८ हा आकडा आहे. तो मीच भरला होता, आणि ‘दोन घास खाल्ले’च्या आनंदात त्याकडे पाहिलेही नव्हते.

२८ जूनला सकाळी ते उठून बसेनात, तेव्हा मी कोणाला न विचारता त्यांना रुग्णालयात नेले. सोनोग्राफी करताना डॉक्टरांनी यंत्राचे टोक बरगडीखाली दाबून धरले आणि खोल श्वास घ्यायला सांगितले. श्वास अर्ध्यावर आला आणि तिथेच अडकला. अशा अडकलेल्या श्वासाला वैद्यकात शिकागोचे शल्यचिकित्सक जॉन मर्फी यांचे नाव दिलेले आहे आणि शंभर वर्षे उलटली तरी ती खूण तपासली जाते. अहवालात लिहिले होते: खडे नाहीत, पित्ताशयाची पिशवी फुगलेली, आत थोडा गाळ, भिंत ७ मिलिमीटर, भोवती पाण्याची पातळ रेघ. भिंतीची जाडी साधारण ३ मिलिमीटरच्या आत असावी लागते. दिरांना मी अहवालाचे छायाचित्र पाठवले. त्यांनी त्यातले पहिले दोन शब्द वाचले आणि उत्तर पाठवले, ‘खडे नाहीत. म्हणजे प्रश्नच मिटला.’

आपल्या घरीही कोणी हेच म्हणत असेल, म्हणून हा भाग नीट वाचा. पित्ताशयाच्या तीव्र सुजेच्या रुग्णांत खडे नसलेले साधारण ५ ते १० टक्केच असतात, त्यामुळे खडा नाही म्हणजे सूजही नाही असा समज रूढ आहे. परंतु बिनखड्याची सूज मुख्यतः आधीच खचलेल्या माणसाला गाठते: मोठ्या भाजण्यानंतर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर राहिल्यानंतर. खड्याच्या सुजेपेक्षा ती लवकर सडते आणि लवकर फुटते. अत्यवस्थ रुग्णांत या आजाराचा मृत्युदर ३० टक्क्यांच्या आसपास सांगितला जातो. म्हणजे ‘खडे नाहीत’ हे वाक्य दिलासा देणारे नसून काही वेळा उलट काळजी वाढवणारे असते.

पित्ताशय ही यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेली, ३० ते ५० मिलिलिटर मावेल एवढी पिशवी. अन्नातला स्निग्ध अंश लहान आतड्यात उतरला की आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक रक्तात येते, त्याने पिशवी आकसते आणि पित्तरस बाहेर पडतो. व्हेंटिलेटरवरच्या माणसाचे तोंडाने खाणे बंद असते. पोषण शिरेतून चालले असेल तर आतड्याला काही कळतच नाही आणि पिशवी दिवसेंदिवस आकसत नाही. साचलेल्या पित्तरसातले पाणी शोषले जाऊन तो दाट होतो, त्याचा गाळ बसतो. अफूवर्गातली वेदनाशामके पित्तनलिकेच्या तोंडाची झडप आवळतात, आणि सेफ्ट्रायॅक्सोन हे सर्रास दिले जाणारे प्रतिजैविक पित्ताशयात कॅल्शियमबरोबर साका धरू शकते, जो औषध थांबल्यावर बहुधा विरघळतो. ही झाली साचण्याची बाजू. दुसरी बाजू रक्ताची, आणि माझ्या मते करोनात तीच अधिक घातक. पित्ताशयाला रक्त पुरवणारी धमनी सहसा एकच, बारीक आणि टोकाची. तिला पर्यायी वाट जवळपास नसते. रक्तदाब कोसळला, तो चढवायला दिलेल्या औषधांनी रक्तवाहिन्या आवळल्या, वर करोनाने रक्त घट्ट होऊन बारीक वाहिन्यांत गुठळ्या झाल्या, की भिंतीला रक्त पोचत नाही. शिवाय विषाणू पेशीत शिरताना एसीई-२ या ज्या ग्राहीला धरतो, ती पित्तनलिकेच्या आणि पित्ताशयाच्या अस्तरावरही आहे. विषाणू शरीरातून गेल्यावरही गुठळ्या होण्याचा धोका कित्येक आठवडे रेंगाळतो, त्यामुळे ‘करोना तर केव्हाच बरा झाला’ हा युक्तिवाद फारसा टिकत नाही.

हे मी मनाचे सांगत नाही. दिल्लीच्या सर गंगाराम रुग्णालयाने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केले की जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत त्यांच्याकडे करोनातून बरे झालेले पाच रुग्ण बिनखड्याची सूज आणि पित्ताशयाचे गँगरीन, म्हणजे रक्ताविना सडणे, घेऊन आले होते, आणि पाचही जण दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावर बरे झाले. करोना होऊन गेल्यानंतर साधारण दोन महिन्यांनी हे दिसून आले होते, आणि पाचांपैकी तिघांना करोनाच्या उपचारात स्टिरॉइड दिले गेले होते. ती बातमी मी दिरांना पाठवली. त्यांनी उत्तरादाखल अंगठ्याचे चित्र पाठवले, त्याचा अर्थ मी अजून लावते आहे.

आता मूळ वादाकडे येते. यजमानांची फुप्फुसे अजून सावरली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी पहिल्या दिवशी शस्त्रक्रिया केली नाही. जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, कातडीतून आणि यकृताच्या कडेतून एक बारीक नळी थेट पित्ताशयात सरकवली आणि ती बाहेर एका पिशवीला जोडली. पहिल्या अर्ध्या तासात साठ मिलिलिटर द्रव आला. पित्त हिरवे असते असे मी समजत होते. हे जवळजवळ काळे होते, काकवीसारखे सावकाश उतरणारे, आणि पिशवी हलवली की कडेला तपकिरी कण चिकटून राहत. दर दोन तासांनी पिशवीवरच्या रेषा वाचून आकडा वहीत लिहिणे एवढेच काम माझ्या हाती होते, आणि मी ते असे मन लावून केले की जणू माझ्या लिहिण्यानेच ते बाहेर पडणार होते.

नळीने दीड दिवसात फरक दिसायला हवा होता. तो दिसला नाही. पांढऱ्या पेशी १८ हजारांवरून २३ हजारांवर गेल्या, नाडी शंभराच्या खाली येईना. सीटी स्कॅनमध्ये भिंतीच्या काही भागात रक्तपुरवठाच दिसत नव्हता. तेव्हा शल्यचिकित्सकांनी सांगितले की नळी साचलेले काढते, मेलेले काढू शकत नाही. भूलतज्ज्ञ अर्धा तास आमच्याशी बोलले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात जो वायू भरतात त्याने छाती आणि पोट यांमधला पडदा वर ढकलला जातो आणि अशक्त फुप्फुसांना ते जड जाते, हे त्यांनी लपवले नाही. मी सही केली. १ जुलैला पित्ताशय निघाले. तळाच्या बाजूला अंगठ्याच्या नखाएवढे दोन काळे डाग होते, आणि त्यांतला एक भाग चिमटा लावताच ओल्या कागदासारखा फाटला, असे मला नंतर सांगण्यात आले. ऊतकतपासणीत गँगरीन आणि बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या असा निष्कर्ष आला.

दिरांचे म्हणणे आजही असे आहे की मी घाई केली. त्यांचे मुद्दे दोन आहेत. एक, नळी घातली होती तर ती तीन ते सहा आठवडे ठेवायची असते आणि बिनखड्याच्या सुजेत पुष्कळांना पुढे शस्त्रक्रिया लागतच नाही. दोन, अतिदक्षता विभागात राहून आलेल्या करोना रुग्णाची शस्त्रक्रिया १२ आठवडे पुढे ढकलावी, अशी शिफारस अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने तेव्हाच केली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही आमच्या बाबतीत गैरलागू होत्या. नळीचा पहिला मुद्दा भिंत जिवंत असेल तेव्हाचा आहे. बारा आठवड्यांची शिफारस नियोजित, थांबवता येणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी होती. घर पेटल्यावर कोणी मुहूर्त पाहत नाही. फोनवर निदान करणाऱ्या माणसाने ‘घाई केली’ हा शब्द वापरावा, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

आपल्या वडिलांबाबत म्हणाल, तर केवळ ‘भिंत जाड’ एवढ्यावर पित्ताशय काढू नये, हेही मला सांगितले पाहिजे. ते मी आधी सांगायला हवे होते. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असले, हृदय अशक्त असले, यकृताला सूज असली तरी भिंत जाड दिसते, आणि मोठ्या आजारातून उठलेल्या माणसात यांपैकी एखादी गोष्ट बहुधा असतेच. तपासणीपूर्वी सहा ते आठ तास उपाशी नसतील तर आकसलेल्या पिशवीची भिंत आपोआपच जाड दिसते. म्हणून डॉक्टरांना विचारावे की पिशवी फुगलेली आहे का, भोवती पाणी आहे का, यंत्र दाबताना नेमके तिथेच दुखले का, आणि पांढऱ्या पेशी व यकृताच्या तपासण्या काय सांगतात. शंका राहिली तर सीटी स्कॅन किंवा पित्तरसाचा प्रवाह दाखवणारा हिडा स्कॅन करतात. सूज असली, पण भिंत शाबूत असली आणि माणूस स्थिर असला, तर प्रतिजैविके आणि गरज पडल्यास नळी यांवर भागू शकते. भिंत सडली किंवा फुटली असेल, तर मग चर्चा कोणत्या दिवशी करायची एवढीच उरते. वडील स्टिरॉइडवर असतील किंवा त्यांना मधुमेह असेल, तर ताप नाही आणि फार दुखत नाही या दोन गोष्टींवर मुळीच विसंबू नका, नाडी मोजा. हुडहुडी भरली, डोळे पिवळे दिसले किंवा दुखणे अचानक विनाकारण थांबले, तर त्याच दिवशी दाखवा, सोमवारची वाट पाहू नका.

पित्ताशय गेल्यावर जन्मभर पथ्य करावे लागते, ही दिरांचीच आणखी एक समजूत. यकृत पित्तरस करतच असते, तो साठण्याऐवजी थेंबथेंब आतड्यात उतरतो, इतकेच. यजमानांना पहिले चार महिने जेवणानंतर पातळ शौचाचा त्रास झाला. पित्ताम्ले बांधून ठेवणारी कोलेस्टायरामीनची पूड घेतल्यावर तो आटोक्यात आला आणि आता ते सर्व खातात. लक्ष ठेवायचे ते दुसऱ्याच गोष्टीवर. तीव्र करोनातून वाचलेल्या थोड्या रुग्णांत काही महिन्यांनी पित्तनलिकाच चट्टे पडून आखडतात, यकृताच्या तपासणीतले अल्कलाइन फॉस्फेटेज हे रक्तातील विकर चढत जाते, खाज आणि कावीळ येते, आणि मोजक्या जणांना यकृत प्रत्यारोपणापर्यंत जावे लागले आहे. पित्ताशय काढल्याने त्यापासून संरक्षण मिळत नाही. म्हणून वडिलांच्या यकृताच्या तपासण्या वर्षभर तरी अधूनमधून करत राहा, आणि आकडे चढत असतील तर पित्तनलिकांची एमआरसीपी, म्हणजे एमआरआय यंत्रावरची तपासणी करावी का, असे विचारा.

मी डॉक्टर नाही, एका रुग्णाची पत्नी आहे. वरचे सगळे आपल्या डॉक्टरांसमोर ठेवून त्यांचे ऐका. मात्र वही घाला, आणि ‘इतर’च्या रकान्यात लक्षणे लिहा, निदान लिहू नका. दिरांना आमची वही दाखवून वाद एकदाचा मिटवावा, असे मी दोनदा ठरवले आणि दोन्ही वेळा ती परत कपाटात ठेवली. २५ जूनच्या ओळीत, उलट्यांच्या नोंदीपुढे, माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे: ‘पित्त. गोळी दिली, सकाळी ९.’ दिरांचा फोन त्या दिवशी रात्री आला होता.